वीस नर

मिनेसोटात उन्हाळाभर माझं काम एकच: तळ्याच्या धक्क्यावर उभं राहायचं आणि गळ टाकून परतणाऱ्यांना विचारायचं, किती तास होतात, किती सोडले, किती ठेवले. मग मासे मोजायचे. दंडाचा अधिकार नाही, उपदेशाला सक्त मनाई. उपदेश सुरू झाला की लोक आकडे लपवतात.

जूनमध्ये एक आजोबा नातीला घेऊन धक्क्याला लागले. बादलीत 20 ब्लूगिल, म्हणजे इथल्या तळ्यांतले चपटे, खाण्याजोगे मासे; राज्याची रोजची मर्यादा तेवढीच. नाक मोजपट्टीच्या फळीला टेकवून, शेपटी चिमटीत धरून एकेक मोजला. नऊ इंच, पावणेनऊ, पुन्हा नऊ. केशरी छाती, आणि पोटावरून अंगठा फिरवला की दुधासारखा पांढरा थेंब. सगळे नर, घरट्यावरून उचललेले.

आजोबांनी युक्ती खुशीत सांगितली, आणि युक्ती अस्सल होती. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की ब्लूगिलचे नर उथळ वाळूत शेपटीने घरट्यांचे खळगे करतात, एकमेकांना खेटून. पाण्यावरची चमक कापणाऱ्या पोलराइज्ड चष्म्यातून ते होडीतूनच दिसतात. बारीक गळ, गांडुळाचा तुकडा, वर फ्लोट. अंडी राखणारा नर भुकेला नसला तरी अंड्यांजवळ आलेलं काहीही तोंडात धरतो. भर उन्हाळ्यात मोठे मासे पाणवनस्पतींच्या कडेला, खोल पाण्यात जातात; तेव्हा खरी शोधाशोध. पाण्याची जाण असलेला माणूस!

नर गेला की अंडी बारके मासे फस्त करतात. त्याहून वाईट पुढचं. दांडग्या नरांचा धाक उरला नाही की पिल्लं वाढ सोडून लवकर वयात येतात आणि तळं तळहाताएवढ्या माशांनी भरतं. नऊ इंचांचा ब्लूगिल इथे नऊ वर्षांचाही असतो! म्हणून 2021 पासून बऱ्याच तळ्यांवर मर्यादा 5 किंवा 10 केली आहे. या तळ्यावर नाही, आणि मला ते पटत नाही. बास हा शिकारी मासा मोठा मिळाला तर लोक फोटो काढून अलगद सोडतात. ब्लूगिलला कुणी वाली नाही. आपल्याकडे पावसाच्या सुरुवातीला अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या, चढणीच्या माशांचंही हेच, अंड्यांनी भरलेली मादीच टोपलीत येते.

निघताना आजोबाच म्हणाले, "पूर्वी इथे दहा इंची मिळायचे. आता का नाहीत?"

विचारलं होतं, म्हणून सांगितलं: मोठे नर सोडा, मधले ठेवा.

ते बादलीकडे बघत राहिले. "मी सोडले तर शेजारची होडी नेईल."

खरं होतं. शेजारच्या होडीला अडवायचं तर नियमच हवा. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 20 ठेवले, सर्व विणीतले नर.