मगाशी आला होता की!

पर्यायांच्या गोष्टी तपासून देणं हे माझं काम. मोबाइलवर वाचायच्या, पानाखाली ‘आता काय कराल?’ असं विचारणाऱ्या गोष्टी. त्या दिवशी सांगलीत, गावभागातल्या एका वाचनालयात चाचणी होती. गोष्ट 2019 च्या महापुराची, तिघांच्या बाजूने सांगितलेली: गणपती पेठेतला हळदीचा व्यापारी, त्याच्याकडचा हमाल आणि दत्तनगरात एकटी राहणारी आजी.

दर वळणाला दोनच पर्याय दिले आणि वाटा पुन्हा जोडल्याच नाहीत, तर दहाव्या वळणाला 1024 शेवट होतात. लिहिणार कोण आणि वाचणार कोण! म्हणून वाटा मध्येमध्ये एकत्र आणतात. इथे ते काम कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे होतं; सांगलीत पुराचं पाणी तिथे मोजतात. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. तुम्ही काहीही निवडा, पाणी 57 च्या पुढे जाणारच. सांगलीकराला हे समजावून सांगावं लागत नाही.

कॉलेजच्या एका मुलीने आजीची बाजू भराभर संपवली. “काहीही दाबलं तरी आजी गच्चीवरच जाते,” ती म्हणाली. खरं होतं, पण ते मला खटकलं नाही. खटकलं ते वेगळंच. आजीने रेशनकार्ड घेतलं की देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा, हे गोष्ट पुढे विसरूनच जात होती. पूर ओसरल्यावर पंचनाम्याला माणसं येतात, तेव्हा तरी ते आठवायला हवं ना?

खरी गंमत एका निवृत्त हमालमामांनी आणली. त्यांनी आधी व्यापारी वाचला. त्याच्या भिंतीवर 2005 च्या पुराची खूण. पोती त्या खुणेच्या वर चढवायची म्हणून रात्री हमालाला फोन, तो उशिरा येतो, काम करून जातो. मग मामांनी हमालाची बाजू उघडली. फोन वाजतो, ‘जाल का?’ त्यांनी ‘नाही’ दाबलं. गोष्ट निवांत पुढे निघाली: बायको, पोरं, शाळेतला आसरा.

मामांनी मोबाइल टेबलावर ठेवला. “आवं ताई, मगाशी ह्यो आला होता की! पोती चढवून गेला. आता म्हणतोय गेलोच न्हाई. दोन्ही खरं कसं असंल?”

लेखक तरुण मुलगा. तो म्हणाला, “मामा, वाचकाला दोन्ही शक्यता दिसाव्यात म्हणून तसं केलंय.”

“शक्यता एकट्या माणसाच्या ठीक. हितं दोघं एकमेकाला वळखत्यात.”

अनेक बाजूंच्या गोष्टी मी पाहिल्यात, त्यातल्या बऱ्याच इथेच फसतात. प्रत्येक पात्राला सुटं जग मिळतं आणि एकाच्या निर्णयाचा दुसऱ्याला ओरखडाही उठत नाही. मी म्हटलं, व्यापाऱ्याकडे हमाल आला असेल, तर हमालाच्या बाजूला ‘जाल का?’ विचारूच नका. लेखकाचा चेहरा पडला. मग निवडायला उरलं काय?

“गेला तर गेला,” मामा म्हणाले, “घरात काय सांगून गेला, ते इचारा की.”

तिथून काम सुरू झालं. बायकोला खरं सांगायचं की खोटं? थोरल्याला सोबत न्यायचं का? व्यापाऱ्याच्या बाजूला एक वाक्य आधीपासून होतं: ‘उशिरा आला, वर पैसे जास्त मागितले.’ आता त्या उशिराचं कारण वाचकाच्या हातात आलं. उलट कुणी हमालापासून सुरुवात करून ‘नाही’ म्हटलं, तर व्यापाऱ्याचा फोन नुसताच वाजत राहील.

एक भोक उरलंच. व्यापाऱ्याची बाजू संपवलेल्याला कळलेलं असतं, की खुणेवरची पोतीही भिजली. मग हमाल होऊन तो कशाला जाईल? शेवटी ठरलं, एकेक बाजू सलग वाचू द्यायची नाही. पाणी 45 वर आलं की व्यापारी थांबवायचा आणि वाचकाला हमालाच्या दारात उभं करायचं. लेखकाने वहीत नकाशा नव्याने काढायला घेतला. मामा शेजारी खुर्ची ओढून बसले. “पैसे जास्त मागितले म्हंजे किती? आकडा घाला. रात्रीचा आन् पाण्यातला दर येगळा असतोय.”