साडेतीन वर्षं आणि शंभर मिनिटं

आज लेकीबरोबर ‘फाइंडिंग निमो’ (2003) पाहिला. ती साडेतीन वर्षांची, सिनेमा शंभर मिनिटांचा. अमेरिकेत त्याला ‘जी’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे सगळ्यांनी बघावा असा. म्हणून मी निर्धास्त.

पहिल्या पाच मिनिटांतच निमोची, म्हणजे त्या छोट्या माशाची, आई जाते. हल्ला थेट दाखवत नाहीत, पडदा काळा होतो. मी श्वास रोखून लेकीकडे बघतेय, तर बाईसाहेब खाण्यात दंग! मोठ्या दातांचा शार्क आला तेव्हा मात्र थेट माझ्या मांडीवर. आवाज कमी केला आणि निम्मी भीती तिथेच पळाली. (लहान मुलं चित्रापेक्षा आवाजालाच जास्त घाबरतात की काय!)

पण रडली कुठे? पाणबुड्या निमोला उचलून नेतो तिथे. बाबा मागे पोहतोय आणि बोट लांब लांब जातेय. मरण तिला कळलं नाही, हरवणं बरोब्बर कळलं. प्रमाणपत्रावर हे कुठे लिहिलेलं असतं? पुढे शार्कनंतर सिनेमा बंदच केला. उरलेला आधी मी एकटी बघणार, मग ठरवू.

आत्ता झोपलीये. माझं बोट घट्ट धरून. टायपिंग एका हाताने चालू आहे, चुका सांभाळून घ्या.