तुम्ही विचारलंत म्हणून: गावाकडे हे सगळं जमतं कसं?

"गावाकडे राहून घराची डागडुजी, बाजाराच्या खेपा, मुलं, म्हातारं माणूस, एवढं सगळं एकत्र कसं जमवता?" आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा हे विचारतो. सकाळी अमुक, दुपारी तमुक असं एखादं वेळापत्रक मी काढून दाखवीन, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. तसं वेळापत्रक माझ्याकडे नाही. कुठल्या कामात किती थांबावं लागतं एवढं मी पक्कं लक्षात ठेवते आणि बाकीचं त्या थांबण्यात बसवते.

घरातल्या बहुतेक कामांत हात चालतो थोडा आणि वाटच जास्त बघावी लागते. मागच्या दाराची पायरी नव्याने ओतायची म्हणा. माल कालवणं, ओतणं, थापीने सारखं करणं हे एका सकाळीत उरकतं. पण पुढे निदान ७ दिवस ती ओली ठेवावी लागते. सिमेंट वाळून घट्ट होतं असं पुष्कळांना वाटतं. खरं तर पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते घट्ट होतं, म्हणून ते पाणी उडून जाऊ द्यायचं नाही. पायरी लवकर सुकली तर वरचा थर पावडरीसारखा सुटायला लागतो. काँक्रीटची ताकद मोजतात ती तर २८ दिवसांची. म्हणजे माझी एक सकाळ गेली तरी घराला ती पायरी महिनाभर सांभाळायची असते, आणि त्या महिन्यात मला तिथे उभं राहायची गरज नसते.

पाणी मारायचं काम मुलांचं. पायरीवर गोणपाट टाकलेलं असतं, ते वाळू द्यायचं नाही. शाळेला जाताना धाकटा भिजवतो, संध्याकाळी मोठी. मुलांना कामात घ्यायचं तर खरं काम द्यावं, असं माझं ठाम मत आहे. नुसतं "जरा हे धर" म्हटलं की त्यांना कळतं की आपल्यावाचून काही अडत नाही. गोणपाट वाळलं तर पायरी बिघडते हे त्यांना माहीत आहे, म्हणून आठवण करावी लागत नाही. आणि ते भिजवत असतात तेव्हा मी दुसरीकडे असते, बहुतेक वेळा बाजारात.

रंगाचंही तसंच. ऑइल पेंटचा एक हात दिला की दुसऱ्या हातापर्यंत रात्र जाऊ द्यावी लागते. नवा गिलावा केला असेल तर त्यातली ओल निघेपर्यंत, साधारण महिनाभर, रंगाचं नावच काढायचं नाही. घाईने दिलेला रंग फुगून सुटतो. मुलांच्या परीक्षा किंवा घरातलं कार्य याच महिन्यात आलं तर मला उलट बरं वाटतं. भिंत तिच्या गतीने सुकते आणि माझी मान मोकळी असते.

काही थांबणी तर ऋतूभराची असतात. पावसाळ्यात दार अडकायला लागलं की घरातला प्रत्येकजण म्हणतो, रंधा मारून टाक. मी मारत नाही. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. पावसात तासून बसवलेलं दार उन्हाळ्यात आकसतं आणि चौकटीशी फट पडते. त्यातून धूळ येते, पाली येतात आणि ती फट मग बुजवत बसावी लागते. म्हणून पावसाळ्यात फक्त बिजागरीचे स्क्रू घट्ट करायचे, कडेला मेणबत्ती घासायची आणि दार कुठे घासतंय तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवायची. हवा कोरडी झाल्यावरही त्या खुणेपाशी घासत असेल, तरच रंधा.

आता खेपांचं. शहरात एखादा वॉशर विसरला तर खाली उतरून आणता येतो. इथे वॉशर विसरला म्हणजे अर्धा दिवस गेला. म्हणून दुकानाला जाताना जुना सुटा भाग पिशवीत असतोच. नुसत्या मापावर विसंबता येत नाही. नळाचंच बघा: दुकानात 'अर्धा इंची' म्हणतात त्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजला तर २१ मिलिमीटरच्या आसपास भरतो. कारण तो अर्धा इंच जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडलेला आहे. घरी टेपने मोजून कागदावर २१ लिहून नेलं की दुकानदार बुचकळ्यात पडतो आणि आपण भलतंच घेऊन येतो. जुना तुकडा काउंटरवर ठेवला की प्रश्न मिटतो.

यादी मी दुकानांप्रमाणे करत नाही, कामाप्रमाणे करते. 'नळ' या शब्दाखाली नळ, वॉशर, टेफ्लॉन टेप, जोडाला लागणारा पाना हे सगळं एकत्र. त्यातलं एकही घरात नसेल तर त्या कामाला हात लावायचा नाही. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांना मात्र हा नियम नाही. त्यांची शेवटची पट्टी फोडली की त्याच दिवशी त्या यादीच्या अगदी वर जातात, आणि त्या आणायला दुसऱ्या कामाची सोबत लागत नाही. निघण्याआधी शेजारच्या वहिनींना हाक मारून विचारते, "जातेय, काही आणायचंय का?" त्याही विचारतात. त्यामुळे आमच्या दोन्ही घरांच्या खेपा बऱ्याच कमी झाल्या आहेत.

आणि माणसं? खरा प्रश्न हाच असतो, विचारणारे तो शेवटी विचारतात एवढंच. काँक्रीट माझ्यासाठी थांबतं, ताप आलेलं मूल थांबत नाही. तेव्हा हातातलं काम कुठल्याही क्षणी टाकून उठता आलं पाहिजे, ही माझी पहिली अट. यासाठी मी दोन गोष्टी करते.

एक म्हणजे, घरात उघडं काम एका वेळी एकच. न्हाणीघर उकललेलं असताना स्वयंपाकघराच्या फरशीला हात लावायचा नाही, कितीही हौस आली तरी.

दुसरी म्हणजे नळाचं काम काढताना खिशात अर्धा इंची एंड प्लग, म्हणजे पाइपाचं तोंड बंद करणारं आट्यांचं बूच, ठेवायचा, टेफ्लॉन टेप गुंडाळून तयार. टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची, नाहीतर प्लग फिरवताना ती उलगडते. मधेच उठावं लागलं तर जिथून नळ काढला तिथे प्लग घट्ट बसवायचा, कॉक उघडायचा आणि निघायचं. एका भिंतीला नळ नसतो, पण बाकी घराला पाणी असतं. सासूबाईंना एकदा अचानक दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा घरी राहिलेल्यांना अंघोळीपासून भांड्यांपर्यंत काही अडलं नाही ते या लहानशा तुकड्यामुळे. गावात घर घेतलेल्या प्रत्येकाला मी सांगते: रंग, फरशी, अंगण सगळं नंतर. आधी न्हाणीघर आणि स्वयंपाकघराच्या पाण्याला वेगवेगळे कॉक बसवून घ्या. एकीकडे दुरुस्ती चालू असली तरी दुसरीकडे पाणी चालू राहतं, आणि घरातली माणसं कामावर वैतागत नाहीत.

कुठलं काम आधी यावरून आमच्यातही वाद होतात. नवऱ्याला गेट महत्त्वाचं वाटतं, मला गच्चीची गळती. तेव्हा ज्याला त्या बिघाडाचा रोज त्रास होतो त्याचं ऐकायचं, असं आम्ही ठरवलंय. त्यामुळे सासूबाईंच्या खोलीबाहेरचा कठडा या दोन्हींच्या आधी झाला.

शहर सोडून नुकतेच आलेले मला विचारतात, सुरुवात कुठून करू? पहिल्या पावसाळ्यात काही मोठं काढू नका. प्रत्येक मोठ्या सरीनंतर घराला एक फेरी मारा. भिंतीवर ओल कुठपर्यंत चढली तिथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा, अंगणात पाणी कुठे तुंबतं ते बघा, छपरातून थेंब पडतो तिथे खाली खडूने फुली करा. ही फेरी मुलांना घेऊनच मारा, त्यांना तुमच्याआधी दिसतं. पाऊस सरला की आधी छप्पर, मग पाण्याच्या वाटा, मग गिलावा, आणि रंग सगळ्यात शेवटी.