कोरडी छत्री

भर दुपारी लख्ख ऊन आणि माझ्या हातात छत्री. समोरून येणाऱ्या गृहस्थांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. त्यांना काय सांगणार? मी छत्री घेतली की पाऊस येत नाही, हा माझा शाळेपासूनचा सिद्धांत आहे.

त्याची मी वहीच घातली होती. दोन रकाने: छत्री, पाऊस. 'होती – नाही', 'नव्हती – धो धो', अशा नोंदी. ताईने वही चाळली आणि विचारलं, "छत्री होती आणि पाऊसही आला, ते दिवस कुठायत?" ते मी लिहिलेच नव्हते. छत्री उघडली, घरी आलो, संपलं. त्यात लिहिण्यासारखं काय होतं?

तरी पुरावा वहीभर होता. उलट मेणबत्तीच्या ज्योतीला बोट एकदाच लावलं आणि तेवढ्यावर जन्माचा नियम झाला. आणखी नोंदी हव्यात असं कुणीच म्हणालं नाही, अगदी ताईसुद्धा. शितावरून भाताची परीक्षा होते, ती सगळी शितं एकाच आधणात शिजलेली असतात म्हणून. माझी छत्री आणि ढग यांचं आधण एक नाही, एवढंच.

पण आधण ओळखीचं असलं तरी भागतंच असं नाही. युरेनस गणिताने सांगितलेल्या वाटेने जाईना, तेव्हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएने न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम सोडला नाही. एखादा न दिसलेला ग्रह त्याला ओढत असणार म्हणाला आणि त्याची जागा काढून दिली. १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत गॅलेला नेपच्यून तिथेच, अंशभराच्या आत सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही फरक निघाला, शंभर वर्षांत जेमतेम ४३ विकलांचा. एका अंशात ३६०० विकला असतात, यावरून काय ते समजा. ल व्हेरिएने १८५९ मध्ये पुन्हा तीच युक्ती लढवली. बुधाला ओढणाऱ्या या न दिसलेल्या ग्रहाला व्हल्कन हे नावही मिळालं, तो पाहिल्याचं सांगणारेही भेटले. ग्रह मात्र नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणच नव्याने मांडलं, तेव्हा कुठे हिशेब जुळला.

मी मात्र ल व्हेरिएच्या बाजूने आहे. दोन्ही वेळा समोर होतं ते एकच: ग्रह हवा तिथे नाही. कुठल्या वेळी नियम धरायचा आणि कुठल्या वेळी सोडायचा, हे त्याला तेव्हा कोण सांगणार होतं? १८७७ मध्ये तो गेला, तोवर व्हल्कनवरचा त्याचा विश्वास काही ढळला नव्हता.