पुलाखालचा फ्रीमाँटचा ट्रोल

सिएटलला आमच्याकडे कुणी पाहुणे आले की मी त्यांना स्पेस नीडल या प्रसिद्ध मनोऱ्याच्याही आधी फ्रीमाँट या वस्तीत नेतो. तिथे ऑरोरा पुलाच्या उत्तर टोकाखाली एक अवाढव्य ट्रोल, म्हणजे लोककथेतल्या राक्षसाचं शिल्प, जमिनीतून वर येतोय. डोकं, खांदे आणि हात, एवढाच बाहेर आलाय, तरी उंची 18 फूट! एक डोळा केसांखाली झाकलेला, दुसऱ्यात गाडीच्या चाकाची धातूची झाकणी. डाव्या मुठीत खरीखुरी फोक्सवॅगन बीटल, जणू वरच्या रस्त्यावरून आत्ताच उचललीय.

नॉर्वेच्या लोककथेत तीन बोकड पूल ओलांडायला येतात आणि खाली दबा धरून बसलेला ट्रोल त्यांना खायला बघतो. तोच हा. शेजारच्या बॅलर्डमध्ये नॉर्वेहून आलेल्या मासेमारांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केले, त्यामुळे तो इथे उपरा वाटत नाही. शिवाय ऊन लागलं की ट्रोलचा दगड होतो म्हणतात. पुलाखालच्या सावलीइतकी चांगली जागा त्याला दुसरी कुठे मिळणार?

पूर्वी इथे लोक कचरा टाकायचे. 1989 मध्ये तिथल्या कला परिषदेने या जागेसाठी स्पर्धा घेतली आणि 1990 मध्ये स्टीव्ह बडानेस व त्यांच्या तीन साथीदारांनी हा ट्रोल उभा केला. मी सिव्हिलचा माणूस, माझी नजर आधी कामावर जाते. आत सळया, तारेची जाळी, वरून काँक्रीट. पण त्याचं पुढे पसरलेलं बोट हाताने चाचपून बघा. नखापाशी काँक्रीट अजून खरखरीत आहे, आणि पोरं जिथे पाय देऊन वर चढतात तिथे पार गुळगुळीत झालंय.

मला हा आवडतो तो यासाठीच. कठडा नाही, चौथरा नाही, ‘हात लावू नये’ची पाटी नाही. पोरं थेट नाकापर्यंत चढतात. माझी आई त्याच्या हातावर निवांत बसली होती. म्हणाली, “पोरांना अंगावर खेळू देतो, म्हणजे स्वभावाने बरा असणार.” सार्वजनिक शिल्प असंच असावं, असं माझं ठाम मत आहे. बांधतानाच माणसांचं वजन धरावं, खराब झालं की डागडुजी करावी, पण लोकांना दूर ठेवू नये.

2005 मध्ये पुलाखालच्या त्या रस्त्याला ट्रोल ॲव्हेन्यू असं नावही मिळालं. शनिवार-रविवारी फोटोसाठी रांग लागते, म्हणून मधल्या वारी सकाळी जा. पाऊस असला तरी बेत रद्द करू नका, डोक्यावर पूल आहेच.