चौदा काळ्या वाहिन्या

केशवाहिन्यांच्या जाळ्यात रक्त कसं वाहतं याचं, कॉम्प्युटरवर रात्रभर चालत ठेवलेलं मॉडेल सकाळी उघडलं, तर लाल जाळ्यात मधेच चौदा वाहिन्या काळ्या. काळ्या म्हणजे हिमॅटोक्रिट, रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, शून्य. रक्तद्रव वाहतोय, पण तांबडी पेशी एकही नाही. म्हटलं, झाला घोळ.

पुढे जे केलं ते सांगायला लाज वाटते. कोडमध्ये एक ओळ घुसडली : हिमॅटोक्रिट ५ टक्क्यांखाली गेला तर ५ धर. चित्र लालेलाल, देखणं! फक्त जाळ्यात शिरणाऱ्या पेशींपेक्षा बाहेर पडणाऱ्या जास्त भरायला लागल्या. बसल्या जागी रक्त बनवायचा शोध लावला होता मी.

मॅडमना दाखवलं. "आधी ती ओळ काढ," त्या म्हणाल्या, "मग हा व्हिडिओ बघ."

सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्यांचं जाळं. पेशीची रुंदी साधारण ८ मायक्रॉन, वाहिनी तेवढीच किंवा त्याहून अरुंद. पेशी अंग चोरून, मुडपून एकामागून एक जातात. भिंतीलगत नुसत्या रक्तद्रवाचा पातळ थर उरतो. जो फाटा मूळ वाहिनीतून अगदी थोडं रक्त ओढतो, त्याच्या वाट्याला हा थरच येतो. पेशी जोराच्या फाट्याकडे वळतात. याला प्लाझ्मा स्किमिंग म्हणतात. दुधावरची साय काढावी तसं, फक्त इथे साय पाणचट.

फाट्यांमध्ये पेशी कशा वाटल्या जातात याचं प्रीस आणि सेकॉम्ब यांचं सूत्र मीच कोडमध्ये टाकलं होतं, पण आकडे घालून कधी बघितलंच नव्हतं. मूळ वाहिनी ८ मायक्रॉनची, हिमॅटोक्रिट ४५ टक्के, तर सुमारे ६.६ टक्क्यांहून कमी प्रवाह घेणाऱ्या फाट्यात पेशी शून्य. चौदापैकी तेरा वाहिन्या आपापल्या मर्यादेखाली निघाल्या. म्हणजे काळ्याच बरोबर होत्या.

चौदावी मात्र मॉडेलच्या आकडेमोडीच्या दर फेरीला लाल, काळी, लाल, काळी. पेशी शिरल्या की रक्त दाट होतं, प्रवाह घटतो, मर्यादेखाली जातो. पेशी थांबतात, रक्त पातळ होतं, प्रवाह पुन्हा वाढतो. दर फेरीत निम्मं जुनं उत्तर मिसळून पाहिलं. लुकलुकणं मंदावलं, थांबलं नाही.

"हिला तरी बग म्हणू का?" मी विचारलं.

मॅडमनी व्हिडिओ थोडा मागे नेला. दुभाजकावर एक पेशी अडकलेली, दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलासारखी, अर्धी या फाट्यात, अर्धी त्या. मागच्या पेशीने ढकललं तेव्हा कुठे ती डावीकडे घसरली.