तुम्ही विचारलंत म्हणून: पाच हजारांनी काय होतं?

गरोदर बायकांना मिळणाऱ्या सरकारी पैशांवर मी रिसर्च करते हे कळलं की ठाण्यातल्या लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, अगदी ट्रेनमध्येसुद्धा तोच प्रश्न येतो. पाच हजारांनी काय होतं गं? आणि नवराच पिऊन टाकत असेल ना? एकदाच लिहून टाकते.

नवऱ्याचं आधी. पैसे बाईच्या खात्यात येतात, काही घरांत नवरा काढून घेतो, मी पाहिलंय, नाही म्हणत नाही. पण ऐरोलीच्या आयटी पार्कमधल्या बाईला २०१७ पासून २६ आठवडे भरपगारी रजा आहे, तिचा नवरा त्या पगाराचं काय करतो हे कधी विचारलंत का कोणी? तिथून जवळच दिघ्यात मजुरीच्या कामासाठी नाक्यावर उभी राहणारी पहिलटकरीण, तिला सरकारच्या मातृवंदना योजनेचे ५०००, त्यातले ३००० नोंदणी आणि तपासणी झाल्यावर, २००० बाळाच्या सुरुवातीच्या लसी झाल्यावर. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६०००. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात किमान ६००० लिहिलेत, तेव्हापासून तेलाचा भाव कुठे गेला बघा.

दिघ्यातली एक बाई, नाव नाही सांगत. पाचव्या महिन्यात भेटले तेव्हा बिगारी कामावर रेतीची घमेली उचलत होती, हिमोग्लोबिन फक्त आठ. "पैसे मिळाले का" पुढे मी "नाही" लिहिलं. सातव्यात परत गेले, तरी नाही, आणि बाई अजून कामावरच. म्हणाली, ताई, तुम्ही शिकलेल्या, बघा ना कुठे अडकलेत. मला अंदाज होता हो! आधारला शेवटचं जे खातं जोडलेलं असतं त्यात पैसे जातात, आणि ते बरेचदा लग्नाआधीचं, माहेरच्या गावचं निघतं, हे मी किती घरांत बघितलेलं. पण आपण मध्ये पडलो की अभ्यास बिघडतो असं मला शिकवलं होतं आणि ते मला मनापासून पटलेलं होतं. "अंगणवाडीत विचारा" म्हणाले आणि पुढचा प्रश्न घेतला, काल दिवसभरात काय खाल्लं. चहा-पाव, भात, रात्री परत भात.

बाळ आठव्यातच झालं. १ किलो ७००. अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजन, हे मी रोज टाइप करते, तरी त्याला काचेच्या पेटीत बघितल्यावर मला तिथे उभं राहवेना. पैसे गावच्याच खात्यात पडलेले निघाले, मीच शोधून दिले, बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर. तिचा नवरा पितो. त्या पैशांना त्याने हात लावला नाही. ती मला काही बोलली नाही, फक्त म्हणाली, तेव्हा आले असते तर महिनाभर घरी बसले असते.

बसली असती तर बाळ पूर्ण दिवसांचं झालं असतं का? माहीत नाही, एका बाळावरून ते कळतच नाही, आणि तेव्हाची मी हेच म्हणायची की म्हणून तर मोजायचं, मध्ये पडायचं नाही. तेव्हाची मी अगदीच चुकत होते असंही नाही. कॅनडात मॅनिटोबामध्ये गरीब गरोदर बायकांना महिन्याला जास्तीत जास्त ८१ डॉलर मिळायचे, कशावर खर्च करायचे याची अट नाही, आणि कोणीतरी चिकाटीने नोंदी तपासल्या म्हणूनच २०१६ मध्ये छापून आलं की ते पैसे घेतलेल्या बायकांची कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची बाळं कमी होती. पण ते पैसे पोटात बाळ असतानाच हातात पडायचे ना.

आता मी पहिल्याच भेटीत आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बघून देते. गाईड म्हणतात, मग ती घरं सॅम्पलमधून काढावी लागतील. काढा म्हटलं. पण मग त्या बायकांना वेळेवर पैसे मिळून काय झालं हे माझ्या रिपोर्टमध्ये येणार नाही, आणि पुढच्या लग्नात तुम्ही परत विचारणारच.